जेऊरहून निजामशाहीच्या राजधानीकडे

दिवाळी सरली की सहल कंपन्यांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. थोड्या दिवसांत पुष्कळ देश, रोमला अर्धा दिवस, पॅरिसला एक संध्याकाळ आणि परतीच्या वाटेवर खरेदीला मोकळा वेळ. पैसा जमला असेल आणि गुडघे साथ देत असतील तर जरूर जावे. मात्र ऐतिहासिक राजधानीचे शहर कसे असते आणि ते कसे पाहायचे, हे शिकायला जेऊरच्या माणसाला पासपोर्ट लागत नाही. करमाळा तालुक्याच्या पूर्वेच्या शिवेवरून सीना नदी वाहते. तिच्या काठाने वर गेले की शंभराच्या आसपास वर्षे दख्खनच्या राजकारणाचे केंद्र असलेले शहर लागते. सरकारी कागदावर ते २०२४ पासून अहिल्यानगर आहे, त्याआधी अहमदनगर होते आणि एसटीच्या रांगेत उभे राहिले तर नुसते नगर. आपल्याकडचा माणूस नगरला जातो तो दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नाहीतर शिर्डीच्या वाटेवर चहा घेण्यासाठी. शहर पाहायला म्हणून सहसा कोणी जात नाही. गेलाच तर किल्ल्याच्या दारात फोटो काढतो, डोंगरावरचा ‘चांदबीबीचा महाल’ पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी येतो. अशा भेटीतून राजधानी दिसत नाही, दिसतात दोन सुट्या इमारती. जुनी राजधानी ही एक चालती व्यवस्था असते: पाणी कुठून येते, शत्रू कुठून येतो, राजा कुठे बसतो आणि मेल्यावर कुठे पुरला जातो, हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. तो गुंता ज्या क्रमाने उलगडेल त्या क्रमाने फिरावे आणि त्यासाठी निदान एक रात्र मुक्काम करावा, एवढाच माझा आग्रह आहे. पुढचे सारे त्या आग्रहाच्या पुष्टीसाठी.

आधी हे शहर इथेच का वसले ते पाहू, कारण फिरण्याचा क्रम त्यातूनच निघतो. बहमनी राज्य खिळखिळे झाल्यावर जुन्नरला बसलेल्या मलिक अहमदने १४९० साली भिंगारजवळच्या मैदानात बहमनी सैन्याचा पराभव केला आणि निजामशाही हे स्वतंत्र राज्य सुरू केले. त्याला दौलताबाद हवा होता. जुन्नरहून दरवर्षी तिकडे चालून जाणे लांब पडे, म्हणून दोहोंच्या साधारण मधोमध, आपण जिंकलेल्या त्याच रणभूमीजवळ, सीनेच्या काठी त्याने १४९४ साली शहर बसवायला घेतले. म्हणजे नगर हे मुळात एका मोहिमेच्या सोयीसाठी वसवलेले गाव. १४९९ साली दौलताबाद हाती आला, तरी राजधानी इथेच राहिली. हे शहर थोड्याच वर्षांत बगदाद आणि कैरोच्या तोडीचे झाले अशी प्रशंसा जुन्या तवारिखांत आहे. दरबारी लेखणीचे कौतुक म्हणून त्यातले निम्मे सोडून द्यावे. उरलेले निम्मे मात्र खरे मानायला जागा आहे, कारण कमी पावसाच्या या माळावर इतके लोक, घोडे, हत्ती आणि बागा जगवायच्या तर त्यामागे मोठी तजवीज हवी.

ती तजवीज पाण्याची. नगर पाहणाऱ्याने पहिला प्रश्न पाण्याचाच विचारावा आणि जेऊरच्या माणसाला तो शिकवायची गरज नाही. उजनीचे पाणी कुठल्या गावाला पोचले आणि कुठल्या गावाची शिवारे त्यात बुडाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. निजामशाहीने शहराभोवतालच्या उंच भागांतून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून, जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणले. डोंगराच्या पायथ्याला विहिरी, तिथून हलक्या उताराने जाणारे नळ, मध्ये मध्ये हवा आणि दुरुस्तीसाठी ठेवलेले उच्छ्वास आणि शेवटी शहरातले हौद. पंप नाही, इंधन नाही, फक्त उताराचे गणित. या कामाचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे फराहबाग. करमाळा, मिरजगाव, रुईछत्तीसी या वाटेने येणारा माणूस शहरात सोलापूर रस्त्याने शिरतो आणि फराहबाग याच बाजूला लष्करी हद्दीत आहे, म्हणून आपली सुरुवात इथूनच व्हावी. चौकोनी विस्तीर्ण तलाव आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली, घुमटाचा महाल. पहिले बांधकाम पसंत पडले नाही म्हणून पाडले गेले आणि मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने १५८३ साली नवे पूर्ण करवले. आज तलाव बहुधा कोरडा असतो आणि भिंतींचा गिलावा उडालेला आहे. तरीही मधल्या दालनात उभे राहून पाहावे. चारही बाजूंना उंच कमानी आहेत आणि पाण्यावरून येणारा वारा त्यांतून आत खेळावा अशी रचना आहे. भर उन्हाळ्यात विजेशिवाय गारवा कसा करायचा याचा तो वस्तुपाठ आहे. रोमला जाणारा प्रत्येक जण ट्रेव्हीच्या कारंज्यात नाणे टाकतो. ते कारंजे अठराव्या शतकातले असले तरी ज्या जलवाहिनीचे ते टोक आहे ती अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ साली शहरात आणली. हे ज्याला माहीत असते त्याला कारंजे वेगळे दिसते. फराहबागेचेही तसेच आहे. पाणी मनात धरून पाहिले तर तो महाल आहे, नाहीतर माळावरचा पडका वाडा.

फराहबागेच्याच बाजूला लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झाले आणि दोन महायुद्धांतले, नाना देशांचे रणगाडे तिथे उघड्यावर मांडले आहेत. बरोबर मुले असतील तर इथून लवकर सुटका नाही. मोठ्यांनी तासभर द्यावा आणि पुढे निघावे. उन्हे कलायच्या आत पाथर्डी रस्त्याने शहराच्या पूर्वेचा शहा डोंगर गाठायचा आहे. त्यावरच्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे जिल्हाभर चांदबीबीचा महाल म्हणतात. ती चांदबीबीची नाही आणि महालही नाही. फराहबाग पुरी करणाऱ्या त्याच सलाबतखानाची ती कबर आहे. पुष्कळ जण हा डोंगर सूर्यास्ताचा देखावा म्हणून पाहतात आणि सहलीच्या शेवटी ठेवतात. तो पहिल्या संध्याकाळीच पाहावा असे मी म्हणतो, कारण वरून सगळे खोरे नकाशासारखे पसरलेले दिसते. सीनेची रेघ, लष्कराची दाट झाडी, तिच्यामागे शहराचा पसारा आणि मधला मोकळा माळ. पाणी कुठल्या उंचीवरून खाली गेले आणि वेढा घालायला आलेली फौज कुठे पसरली असेल, याचा अंदाज इथे उभे राहिल्यावरच येतो. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या खंदकाशी उभे राहाल तेव्हा ही उंची आठवणीत हवी. रस्ता वरपर्यंत जातो, पण अंधार पडल्यावर रेंगाळू नये आणि पिण्याचे पाणी खालूनच न्यावे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ पूर्ण किल्ल्याला द्यावी. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या मराठी डोळ्याला हा भुईकोट प्रथमदर्शनी निराश करतो. लांबून तो दिसतच नाही, झाडीच्या मागे दबून बसलेला असतो. आणि तीच त्याची करामत आहे. तोफांच्या काळात उंच भिंत म्हणजे शत्रूला आयता नेम. म्हणून पहिल्या निजामशहाचा मातीचा कोट काढून हुसेन निजामशहाने १५५९ पासून जो दगडी कोट बांधवला, तो गोलसर, बुटका आणि रुंद खंदकाने वेढलेला आहे. तटाचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. घाई न करता खंदकाच्या कडेने जेवढे फिरू देतील तेवढे फिरावे आणि बुरूज गोल का, दोन बुरुजांमधले अंतर किती, दरवाजा वळणात का लपवला आहे हे पाहत जावे. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने इथे वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. काही आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि भिंतीला मोठे खिंडार पडले. किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीने त्या खिंडारापाशी स्वतः उभे राहून रात्रीतून भिंत पुन्हा उभी करवली, आणि शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले, त्या वेढ्यात तिच्याच लोकांनी तिचा खून केला, आणि १६०० साली किल्ला पडला. ही हकीकत पाठ्यपुस्तकात चार ओळींची आहे. खंदकाची रुंदी डोळ्यांनी पाहिल्यावर ती चार ओळींची राहत नाही.

किल्ल्याच्या आत आणखी एक इतिहास आहे आणि तो पुष्कळांना अधिक जवळचा वाटेल. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून इथे ठेवले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आणि आपल्यापैकी शंकरराव देव. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही इथलीच. ज्या खोल्यांत ते राहिले तो भाग जपून ठेवला आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने सरकारी ओळखपत्र सोबत हवेच, आणि प्रवेशाच्या वेळा व दिवस कधी कधी बदलतात, ते आदल्या दिवशी शहरात विचारून घ्यावे. लष्कर जिथे फोटोला मनाई करील तिथे मोबाईल खिशात ठेवावा, वाद घालू नये. लष्कराच्या कब्जाबद्दल नगरकर कुरकुरतात, आणि पाहुण्यालाही तो जाचतो. तरीही तटाच्या आजूबाजूला जी मोकळी जमीन शिल्लक आहे ती या कब्जामुळेच राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे. खुद्द शहराच्या तटाचे काय झाले ते पाहावे. त्यातल्या दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस यांसारख्या वेशी तेवढ्या रहदारीत उभ्या आहेत, भिंत जवळजवळ गेली. व्हिएन्नानेही १८५७ च्या हुकमानंतर आपला तट पाडला, पण त्या जागी प्रशस्त वर्तुळाकार रस्ता आणि सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. आपण दुकाने उभी केली.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, १५६७ सालची. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती बांधली असे लोक सांगतात. आकाराने लहान, पण दगडावरची नक्षी अशी की लाकूड कोरले आहे असे वाटावे. नगरमध्ये एकच इमारत पाहायला वेळ असेल तर मी किल्ल्याऐवजी हिचे नाव सांगेन. नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळून जावे, चप्पल बाहेर काढावी, डोके झाकावे. दुपारी शहराच्या पश्चिमेला सीनेकाठी बागरोजात जावे. इथे शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची कबर आहे, आणि आवारात एका हत्तीचीही कबर दाखवतात: १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला ज्याने पकडले तो हा हत्ती, अशी समजूत आहे. शहराला चांगले वस्तुसंग्रहालयही आहे. शस्त्रे, नाणी, जुन्या पोथ्या आणि कागदपत्रे पाहायची असतील तर ते दोन्ही दिवसांत कुठेही बसते. माझा सल्ला असा की ते शेवटी पाहावे. जागा आधी पाहिलेल्या असल्या म्हणजे काचेमागच्या वस्तूंना ठिकाण मिळते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. हे सगळे पडलेले आहे, गवत वाढलेले आहे, पाट्या अपुऱ्या आहेत, स्वच्छतागृह शोधावे लागते. युरोपात हेच लोक कसे जपतात बघा! जपतात हे खरे. पण ते नेहमीच जपत आले असे नाही. रोमन साम्राज्याचे हृदय असलेला फोरम कित्येक शतके मातीखाली गाडलेला होता, आणि त्या जागेला ‘गाईंचे कुरण’ म्हणत, कारण तिथे गुरे चरत आणि जनावरांचा बाजार भरे. कोलोसियमचे दगड काढून नेऊन लोकांनी वाडे आणि चर्च बांधले. पुढे अभ्यासक आले, प्रवासी आले, त्यांनी पैसे मोजले, लिहिले, तक्रारी केल्या, तेव्हा कुठे ते जपले जाऊ लागले. पाहणारे आधी येतात आणि जपणूक मागून येते. आपण ‘तिथे काय आहे बघायला’ म्हणत न जाण्याने फराहबाग सुधारणार नाही. शिवाय पडक्या वास्तूचा एक फायदाही आहे, तो गिलावा केलेल्या, रंगवलेल्या राजवाड्यात मिळत नाही: भिंत फुटलेली असल्यामुळे तिच्या पोटातला चुना, वीट आणि दगड उघडे दिसतात आणि घुमट कसा पेलला आहे ते कळते. गवंडीकाम करणाऱ्या माणसाला तर ही शाळाच वाटावी. गैरसोय मात्र कमी लेखू नये. बायकांनी आणि वडीलधाऱ्यांनी सकाळी निघण्यापूर्वीच मुक्कामाच्या ठिकाणी सगळे उरकून घ्यावे, फराहबाग आणि डोंगर या दोन्ही ठिकाणी भरवशाची सोय धरून चालू नये.

दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण असतो. ही सुलतानांची राजधानी, आपले तिथे काय? याचे उत्तर भावनेने नको, नोंदींनी द्यावे. मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते. पुणे आणि सुप्याची जहागीर त्यांना याच दरबारातून मिळाली. नगरच्या शहाशरीफ पिराला नवस केला म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते, आणि तो दर्गा आजही शहरात आहे. १६२४ साली नगरच्या पूर्वेला पाच-सहा कोसांवर भातवडीला निजामशाहीच्या मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची वाट चिखलात घातली. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथे पडले. निजामशाहीचा शेवटचा वारस मांडीवर घेऊन राज्य चालवण्याचा प्रयत्नही १६३३ नंतर शहाजीराजांनीच केला. शिवाजी महाराजांचे वडील, चुलते आणि आजोबा यांची उमेद ज्या राजकारणात गेली ते समजून न घेता स्वराज्याचा उगम समजणार नाही, आणि त्या राजकारणाचे घर नगर आहे. पुढचा क्रमही पाहण्यासारखा आहे. १७०७ साली औरंगजेब भिंगारजवळ आपल्या छावणीतच मेला, १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला, नंतर शिंद्यांकडे, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो इंग्रजांच्या हाती घेतला. नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. ब्रिटनच्या राजधानीत त्याचे पुतळे पाहायला मिळतात. त्याने चढवलेल्या हल्ल्याची जागा आपल्यापासून तीन तासांवर आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: मुक्काम करून खर्च करायचा तर मग नगरला कशाला, साठवून परदेशीच का जाऊ नये? ज्याला परदेशी जायचे आहे त्याने तर नगर आधी करावे. परदेशात पोचलेला माणूस गाईडच्या छत्रीमागे पळत राहतो, कारण त्याला आपला क्रम आपण लावायची सवय नसते. प्राग असो, लिस्बन असो, व्हिएन्ना असो, प्रश्न हेच राहतात: नदी कुठे, तट कुठे होता, पाणी कसे आणले, राजा कुठे राहिला आणि मग सत्ता कुठे सरकली. ही सवय स्वस्तात लागते ती घरच्या राजधानीत, जिथे चुकलो तरी पुढच्या महिन्यात परत जाता येते. विमानाच्या तिकिटाचा आणि युरोपीय व्हिसाचा खर्च वाया गेल्यावर ती लावण्यात शहाणपण नाही.

आता जाण्यायेण्याचे. जेऊरहून करमाळा जवळ आहे, आणि करमाळ्याहून मिरजगावमार्गे नगरला एसटी जातात. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. गाड्यांच्या वेळा करमाळा आगारात आदल्या दिवशी विचाराव्यात. रेल्वेनेच जायचे असेल तर जेऊरहून दौंड आणि तिथे मनमाडकडे जाणारी गाडी, पण जोड नीट जुळत असेल तरच, नाहीतर दौंडच्या फलाटावर अर्धा दिवस जातो. चार-पाच जण असाल तर जीप ठरवणे सगळ्यांत बरे, कारण फराहबाग आणि शहा डोंगर दोन्ही शहराबाहेर आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्याच्या अखेरीस डोंगर हिरवा असतो, तेही चालेल. एप्रिल-मेमध्ये दगड तापलेला असतो, तेव्हा जाऊ नये. राहण्याजेवण्याच्या सोयी माळीवाडा बसस्थानकाच्या परिसरात भरपूर आहेत. जाण्याआधी वाचायचे तर १८८४ साली निघालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमधले शहराचे प्रकरण वाचावे. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दहा पाने वाचून सांगायला बसवावे, त्यालाही सहलीत भाग घेतल्यासारखे होईल. वाटेत करमाळ्याचे कमलाभवानीचे देऊळ आणि तिथली ९६ पायऱ्यांची विहीर आपल्या लोकांनी पाहिलेली असतेच, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ज्यांना दोन दिवस अजिबात काढता येत नाहीत त्यांच्यासाठी एका दिवसाची, जेऊरहून आणखी जवळची राजधानी आहे: सीनेच्या पलीकडचा परांडा. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावाला राजधानी म्हटलेले ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १६०० साली नगर पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले ते इथेच, आणि पुढची काही वर्षे निजामशाहीचा कारभार परांड्याच्या भुईकोटातून चालला. नंतर राजधानी जुन्नरला, मग दौलताबादकडे गेली. नगर एकदा पाहिलेल्या माणसाला परांडा चटकन कळतो: तोच खंदक, तीच वळणाची दारे, बुरुजांवर फारसी लेख कोरलेल्या मोठ्या तोफा. फरक एवढाच की इथे लष्कर नाही, गर्दीही नाही, आणि निवांत दोन-तीन तास फिरता येते. परांड्याहून सीनेकाठच्या डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी आहे, तीही त्याच दिवसात होते.

या परांड्याच्या तटावर एकेकाळी मलिक-ए-मैदान ही तोफ होती. नगरला १५४९ साली महंमद रूमी नावाच्या तुर्की कारागिराने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे. तालिकोटला ती वापरली गेली असे मानतात. नगर दुबळे झाल्यावर ती परांड्याला आली, आणि १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला ओढून नेली. त्या काळच्या रस्त्यांवरून ५५ टन धातू भीमेपलीकडे कसा नेला असेल याचा विचार करताना बैलांची संख्या डोळ्यांपुढे आणून पाहावी. इंग्रजी अमलात एका अधिकाऱ्याने ती लिलावात काढली होती, बोली दीडशे रुपयांच्या वर गेली नाही आणि लिलाव रद्द झाला. राजधानीची ताकद जिकडे सरकली तिकडे ही तोफ गेली, म्हणून नगर आणि परांडा पाहिलेल्यांनी तिसरी फेरी विजापूरची करावी. जेऊरहून सोलापूरला रेल्वे आहे, सोलापूरहून विजापूरला रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. गोल घुमट सगळेच पाहतात. त्याआधी शहराच्या पश्चिम तटावरच्या शर्झा बुरुजावर चढावे, तोफ तिथे आहे.